सैन्यभरती, रक्ताची चाचणी आणि ‘कुणाबरोबर?’ हा प्रश्न

भरतीची तयारी करणारी आपल्या वस्त्यांतली पोरं पहाटे पाचला मैदानावर असतात. समुपदेशनाच्या कामामुळे त्यातला एखादा मला बाजूला घेतो आणि विचारतो, “दादा, मेडिकलला एचआयव्हीची टेस्ट करतात का? मागं एकदा झालं होतं.” काय झालं होतं ते तो सांगत नाही. आजाराची भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती असते पुढच्या प्रश्नाची. कुणाबरोबर?

हा प्रश्न सैन्याने विचारला की काय होतं, याचा सविस्तर नोंदलेला इतिहास अमेरिकेत सापडतो. एचआयव्हीची पहिली रक्तचाचणी तिथे मार्च १९८५ मध्ये मंजूर झाली. ऑक्टोबर १९८५ पासून सैन्यात भरती होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाची चाचणी सुरू झाली. पॉझिटिव्ह आला की भरती नाही. पहिल्या सहा महिन्यांत ३,०६,०६१ उमेदवार तपासले गेले, त्यांत हजारी दीड जण बाधित निघाले. ही तरुण मुलं दवाखान्यात आजारी म्हणून आलेली नव्हती. नोकरी मागायला आली होती आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी तिथेच कळली.

चाचणी वाईट होती असं मी म्हणणार नाही. तांत्रिकदृष्ट्या ती उत्तम राबवली गेली. डोनाल्ड बर्क आणि सहकाऱ्यांनी कमी संसर्ग असलेल्या भागांतल्या १,३५,१८७ उमेदवारांच्या चाचण्या पुन्हा तपासल्या, तेव्हा चुकीचा पॉझिटिव्ह फक्त एक सापडला. याच चाचण्यांतून एक मोठा गैरसमजही मोडला. ‘हा समलिंगी पुरुषांचा रोग’ असं तेव्हा सर्रास म्हटलं जाई. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विशीच्या आतल्या ११,४१,१६४ उमेदवारांपैकी ३९३ बाधित होते, आणि मुलगे व मुली यांचं प्रमाण जवळपास सारखं होतं. कृष्णवर्णीय मुलामुलींत मात्र ते गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं. रक्ताला वर्ण कळत नाही. वस्ती, दवाखाना, शाळा, पैसा यांचं वाटप वर्णाने होतं, आणि रोग त्याच वाटेने चालतो. जातीच्या देशात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

घोळ झाला तो मुलाखतीत. १९८२ पासून अमेरिकी संरक्षण खात्याचं लेखी धोरण होतं की समलैंगिकता सैनिकी सेवेशी विसंगत आहे. म्हणजे आधीच सेवेत असलेल्या बाधित सैनिकाने ‘पुरुषाबरोबर’ असं खरं उत्तर दिलं तर नोकरी धोक्यात. सुईने नशा केली म्हटलं तरी तेच. सुरक्षित उत्तर एकच उरलं, वेश्येकडे गेलो होतो. १९८५ मध्ये वॉल्टर रीड या सैनिकी रुग्णालयातल्या रॉबर्ट रेडफिल्ड आणि सहकाऱ्यांनी ४१ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यातल्या १५ जणांना स्त्री-पुरुष संबंधातून संसर्ग झाल्याचं त्यांनी नोंदवलं, आणि त्यात वेश्यांशी आलेल्या संबंधांवर बोट ठेवलं. त्या स्त्रियांना कोणी विचारलं? नोंद सैनिकाच्या तोंडची, दोष गैरहजर बाईच्या माथी.

कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या नागरी आरोग्य विभागात काम करणारे जॉन पॉटराट यांनी १९८७ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं. सैनिकी डॉक्टरांना एक सांगितलेल्या अनेकांनी नागरी कर्मचाऱ्याला वेगळं सांगितलं होतं, कारण समोरचा माणूस त्यांची नोकरी घेऊ शकत नव्हता. एव्हाना अमेरिकी काँग्रेसलाही हे उमगलं होतं. १९८७ च्या आर्थिक वर्षासाठीच्या संरक्षण कायद्यात तिने तरतूद केली की अशा मुलाखतीत दिलेली माहिती सैनिकावर कारवाई करण्यासाठी वापरता येणार नाही. दुसऱ्या मार्गाने मिळालेल्या माहितीला मात्र हे संरक्षण नव्हतं. मग कोण विश्वास ठेवेल? स्त्री-पुरुष संबंधातून एचआयव्ही पसरतो हे रेडफिल्ड यांचं म्हणणं पुढे खरंच ठरलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण धाकाखाली गोळा केलेल्या उत्तरांवर उभं राहिल्यामुळे खरं म्हणणंही कित्येक वर्षं संशयात राहिलं.

हे वाचताना मला आपल्याकडच्या छावण्या आठवल्या. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा संसर्गजन्य रोगांचा कायदा यांखाली ब्रिटिश सरकारने छावणीतल्या वेश्यांची नोंदणी केली, त्यांची सक्तीने तपासणी केली आणि आजारी बायकांना ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबलं. गोऱ्या शिपायाची तशी सक्तीची तपासणी मात्र त्याच्या स्वाभिमानाला धक्का लावते म्हणून टाळली जाई. रोग दोघांचा, कोठडी एकीला! १८८६ च्या एका लष्करी परिपत्रकाने तर बायका पुरेशा संख्येने आणि दिसायला बऱ्या असाव्यात असं बजावलं. जोसेफिन बटलर यांच्या चळवळीच्या दबावाखाली हा कायदा १८८८ मध्ये रद्द करावा लागला. त्यानंतर तीनच वर्षांनी महूच्या छावणीत सुभेदार रामजींच्या घरी भीमरावांचा जन्म झाला. छावणीचा इतिहास आपल्याला परका नाही.

आणि लैंगिक प्रश्न विचारणाऱ्याची बाजू घेण्याचा इतिहासही परका नाही. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं. खटला हरले, पण आपल्यातले किती जण घरात हा विषय काढतात?

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराच्या बाजूने निकाल दिला. काम करायला सक्षम असताना केवळ एचआयव्ही आहे म्हणून सार्वजनिक कंपनीला त्याला नाकारता येणार नाही, असं सांगितलं आणि त्याचं नावही गुप्त राहू दिलं. अमेरिकेत त्याच्या कितीतरी नंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, एका संघीय न्यायाधीशाने ठरवलं की औषधांमुळे ज्यांच्या रक्तात विषाणू मोजता येत नाही त्यांना भरतीतून सरसकट वगळणं बेकायदा आहे. सरकार अपिलात गेलं.

तर त्या पोराला मी काय सांगतो? चाचणी फक्त रक्त पाहते. कुणाबरोबर, किती वेळा, प्रेमाने की पैशाने, यातलं काहीही तिला दिसत नाही. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी संबंधानंतर ४५ दिवसांनी आणि नुसत्या अँटिबॉडी शोधणारी ९० दिवसांनी निगेटिव्ह आली तर त्या प्रसंगाचा विषय संपला. संबंध येऊन ७२ तास झाले नसतील तर संसर्ग टाळणारी औषधं आहेत, त्यासाठी ताबडतोब सरकारी रुग्णालयात जायचं. पॉझिटिव्ह आला तर उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत. नियमित गोळ्या घेऊन विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. भरतीच्या रांगेत कळण्यापेक्षा आधी आपल्या पायांनी आयसीटीसी केंद्रात जावं, तिथे संमती घेऊन तपासतात आणि निकाल गुप्त ठेवतात. जोडीदाराला सांगायचं असेल तर कसं सांगायचं, तेही तिथे बोलता येतं.

तो बहुतेक वेळा विचारतो, “बरोबर याल का?” मी जातो.