रोलरची साक्ष

1999 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फोर्ड मस्टँग कोब्रा या मोटारीच्या कित्येक धन्यांनी आपल्या नव्या गाड्या, त्यांतला एक पेचही न बदलता, कारखान्यातून उतरल्या तशाच स्थितीत डायनो या शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या रोलरवर चढवल्या, आणि विक्रीच्या कागदावर छापलेल्या 320 अश्वशक्तीचा हिशेब चाकांवर काही केल्या जुळेना. तेव्हा जो तंटा उभा राहिला तो दिसायला एका मोटारीचा आणि काही हजार गिऱ्हाइकांचा असला, तरी त्याच्या मुळाशी दोन शतके चालत आलेला एक मोठा मामला होता. यंत्राच्या अंगी किती बल आहे हे कोणी सांगावे, कोणत्या मापाने सांगावे, आणि विकणाऱ्याने सांगितलेला आकडा घेणाऱ्याने कोठे पडताळून पाहावा, या प्रश्नांचा इतिहास ठाऊक असल्याखेरीज रोलरवर निघालेल्या निराशाजनक आकड्याचा अर्थ लावता येत नाही, आणि दोष शोधण्याची दिशाही सापडत नाही.

अश्वशक्ती हे माप वसुलीच्या गरजेतून जन्मले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॅट आणि मॅथ्यू बोल्टन या भागीदारांनी आपली वाफेची इंजिने प्रथम खाणींतले पाणी उपसण्यासाठी दिली, तेव्हा जुन्या इंजिनाच्या मानाने जितका कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा दरसाल घ्यावा असा त्यांचा करार असे. पण पुढे बिअरच्या भट्ट्यांना आणि गिरण्यांना इंजिने देण्याची वेळ आली, जेथे आधी इंजिन नव्हतेच, घोडे होते, तेव्हा बचतीचा हा हिशेब निरुपयोगी ठरला आणि इंजिन किती घोड्यांचे काम करते यावर सालाना आकार बसवणे प्राप्त झाले. घोडा 12 फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला 144 फेरे घेतो आणि 180 पौंडांच्या ओढीने चाक फिरवतो असे वॅटने धरले. त्याचा गुणाकार मिनिटाला 32,572 फूट-पौंड भरतो, आणि तो पुढे 33,000 असा पूर्ण करण्यात आला. सामान्य घोड्याला दिवसभर पेलेल असा हा आकडा नव्हता. परंतु देणारा आणि घेणारा या दोघांनी मान्य केलेले एक स्थिर परिमाण म्हणून त्याची योग्यता फार मोठी ठरली.

परिमाण ठरले तरी मोजण्याचे साधन राहिलेच होते. ते 1821 मध्ये फ्रान्समधील अभियंता गास्पार द प्रोनी याने दिले: फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांनी आवळावे, घर्षणाने इंजिनाची सारी कमाई उष्णतेत विरघळवावी, आणि ठोकळ्यांना जोडलेली लांब तरफ स्थिर राखण्यास तिच्या टोकाला किती वजन लागते ते पाहावे; तरफेची लांबी, वजन आणि मिनिटाचे फेरे एवढ्या तीनच गोष्टींवरून शक्तीचा आकडा निघतो. जहाजांची इंजिने प्रचंड होऊ लागली, तेव्हा लाकडाचे ठोकळे त्यांच्यापुढे टिकेनात. मग विल्यम फ्रूड याने 1877 मध्ये ब्रिटिश आरमारासाठी घर्षणाच्या जागी पाण्याचा भोवरा योजला, आणि पाण्याच्या ब्रेकचे हे तत्त्व इंजिनांच्या चाचणीगृहांतून आजही वापरात आहे.

ही साधने इंजिन बाहेर काढून टेबलावर बांधल्यावर चालतात. परंतु अख्खे वाहन जागच्या जागी धाववून त्याच्या चाकांवर शक्ती मोजण्याची कल्पना माझ्या मते या साऱ्या परंपरेतील सर्वांत धाडसी होय, आणि ती मोटारीआधी रेल्वेने अमलात आणली. इंडियाना प्रांतातील पर्ड्यू विद्यापीठात 1891 मध्ये प्राध्यापक गॉस यांनी एक आगगाडीचे इंजिन रुळांऐवजी फिरत्या चाकांवर उभे केले, त्या चाकांना ब्रेक लावले, आणि इंच न हलणारे ते अवजड धूड पूर्ण वेगाने चालवून त्याचा कोळसा, पाणी आणि ओढ यांचा बारकाईने अभ्यास केला. पुढे हीच तजवीज मोटारींकडे आली. कॅलिफोर्नियातील क्लेटन कंपनीचे रोलर दुसऱ्या महायुद्धानंतर गॅरेजांतून दिसू लागले, आणि शतकाच्या अखेरीस डायनोजेटसारख्या कंपन्यांनी ठराविक वजनाचे जड पिंप चाकांखाली ठेवून ते किती झपाट्याने वेग घेते यावरूनच अश्वशक्ती काढणारे यंत्र इतके सुटसुटीत केले, की सामान्य मोटारधन्यालाही थोडक्या पैशांत आपल्या गाडीचा आलेख हाती मिळू लागला. कारखान्याच्या आकड्यावर स्वतंत्र साक्षीदार उभा करण्याची सोय सामान्य ग्राहकाला यापूर्वी कधीच नव्हती. म्हणून या घटनेचे महत्त्व मला विलक्षण वाटते.

कारखान्याचा आकडा तरी एकच होता काय? अमेरिकेत 1971 पर्यंत छापला जाणारा आकडा उघड्या इंजिनाचा असे: पंखा नाही, विजेच्या जनित्राचा भार नाही, हवेच्या गाळणीची अडवणूक नाही, आणि सायलेन्सरऐवजी चाचणीगृहाच्या मोकळ्या नळ्या. 1972 च्या मॉडेलांपासून इंजिन गाडीत बसते तसे सर्व साजासह मोजण्याची रीत रूढ झाली. संक्रमणाच्या त्या 1971 सालात जनरल मोटर्सने दोन्ही आकडे प्रसिद्ध केले, आणि कॉर्व्हेट मोटारीचे एलटी-1 नावाचे एकच इंजिन एका रकान्यात 330 तर दुसऱ्या रकान्यात 275 अश्वशक्तीचे दिसू लागले. आपल्याकडे जुन्या काळी जसे एका परगण्याचा शेर दुसऱ्या परगण्यात चालत नसे, तसाच हा प्रकार होता. धान्य तेच, माप निराळे.

हा भेद ध्यानात ठेवूनच रोलरवरील निराशेचा तपास आरंभावा लागतो. पहिली गोष्ट ही, की कारखाना क्रँकशाफ्टवरची शक्ती सांगतो आणि रोलर चाकांवरची. मध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल, दांडे आणि टायर आपापला हिस्सा घेतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या, हाताने गिअर बदलायच्या गाडीत हा हिस्सा शेकडा 15 च्या आसपास धरण्याची वहिवाट आहे. ती अचूक नव्हे, पण अंदाजाला पुरेशी आहे. 320 चा दावा असेल तर चाकांवर सुमारे 270 अपेक्षित. दुसरी गोष्ट हवामानाची. विरळ आणि उष्ण हवेत इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो. म्हणून मोजलेला आकडा एका ठराविक हवेच्या हिशेबाने दुरुस्त करून घेतात. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचे अलीकडचे प्रमाण 25 अंश सेल्सिअस व 99 किलोपास्कल कोरडी हवा धरते, तर तिचेच जुने प्रमाण अधिक थंड व अधिक दाट हवा धरते. त्यामुळे एकाच चाचणीचा निकाल जुन्या हिशेबाने सुमारे शेकडा 4 अधिक दिसतो. मित्राच्या गाडीचा कागद जुन्या प्रमाणाचा आणि आपला नव्या प्रमाणाचा असला, तर जी तफावत दिसते ती गाड्यांत नसतेच. समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच असलेल्या पुण्यासारख्या शहरात, टर्बो नसलेल्या इंजिनाच्या बाबतीत, ही दुरुस्ती विसरली तर पदरी नाहक खंत येते.

त्यानंतर चाचणीच्या रीतीचा पंचनामा. विद्युतचुंबकीय ब्रेकने भार देणारे डायनो जड पिंपाच्या डायनोपेक्षा सामान्यतः कमी आकडा दाखवतात, म्हणून दोन ठिकाणचे कागद शेजारी मांडून निवाडा करू नये. टायरमधील हवा कमी असली किंवा गाडी बांधण्याचे पट्टे फाजील आवळले, तर टायर रोलरवर दबून शक्ती खातात. चाचणी ज्याचे गुणोत्तर एकास एकच्या जवळ आहे अशा गिअरात, पुष्कळ गाड्यांत चौथ्या, घ्यावी लागते. बॉनेटसमोरचा पंखा दुबळा असला, तर लागोपाठच्या धावांत आत जाणारी हवा तापत जाते आणि तिसरी धाव पहिलीपेक्षा कमी भरते. पुढची चाके स्थिर आणि मागची वेगाने फिरती पाहून घसरण रोखणारी यंत्रणा इंजिनाची शक्ती दाबते, म्हणून ती आधी बंद करणे अवश्य. आणि अ‍ॅक्सिलरेटर तळाशी दाबल्यावर झडप खरोखर पूर्ण उघडते की नाही, ही सर्वांत साधी तपासणी लोक सर्वांत शेवटी करतात.

एवढे निस्तरूनही तूट राहिली, तर आलेखाच्या आकृतीकडे पाहावे. अनुभवी माणूस अंतिम आकड्याआधी ती वाचतो. रेषा आरंभापासून अखेरपर्यंत सारख्याच प्रमाणात खाली असेल, तर संशय मापावर, दुरुस्तीच्या गुणकावर किंवा चाकांपर्यंतच्या वाटेवर जावा. खालच्या फेऱ्यांत ठीक चाललेली रेषा वरच्या फेऱ्यांत मान टाकत असेल, तर इंजिनाचा श्वास कोठेतरी कोंडला आहे: गाळणी मळली आहे, इनटेकची वाट अरुंद आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला आहे, किंवा पेट्रोलचा पंप मागणीला पुरत नाही. रेषा करवतीच्या दात्यांसारखी असेल, तर ठिणगीत दोष आहे, अथवा हलक्या ऑक्टेनच्या पेट्रोलामुळे इंजिन ठोके देऊ लागताच संगणक ठिणगी मागे खेचतो आहे. दर धावेला हवा आणि इंधन यांचे प्रमाण नोंदले असेल, तर यांपैकी निम्मे संशय बसल्या जागी दूर होतात.

मस्टँग कोब्राच्या प्रकरणात हीच शिस्त कामी आली. 1998 पर्यंतच्या कोब्राचा दावा 305 अश्वशक्तीचा होता. 1999 च्या गाडीत 4.6 लिटरचे, 32 व्हॉल्व्हचे तेच आठ सिलिंडरांचे इंजिन सुधारून 320 चे केले आहे असे जाहीर झाले, आणि मस्टँगच्या इतिहासात प्रथमच मागील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शनही मिळाले. गाडी सर्वांगाने सरस व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात शर्यतीच्या पट्टीवर ती जुनीपेक्षा पुढे जाईना आणि रोलरवर आकडा जुन्या गाडीच्या घरातच घोटाळू लागला. एकट्या गाडीचा असा निकाल आला असता, तर तिची चाचणीच सदोष असे म्हणता आले असते. परंतु निरनिराळ्या गावच्या, निरनिराळ्या रोलरवरच्या गाड्या एकाच दिशेने कमी भरू लागल्या, तेव्हा मापावरचा संशय फिटला आणि यंत्रावरचा दृढ झाला. धन्यांचा चिवटपणा येथे मला मनापासून वंदनीय वाटतो, कारण त्यांनी आरडाओरडीपेक्षा आलेख जमवले.

ऑगस्ट 1999 मध्ये फोर्डने विक्री थांबवली आणि विकलेल्या गाड्याही दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दोष श्वासाचा निघाला. इनटेक मॅनिफोल्डच्या नळ्यांत ओतकामाचा अवशिष्ट धातू राहून हवेची वाट अडत होती, आणि एक्झॉस्टची यंत्रणाही धूर मोकळा जाऊ देत नव्हती. दुरुस्तीत अपघर्षक लगदा दाबाने आतून फिरवून घासलेले मॅनिफोल्ड बसवण्यात आले, कन्व्हर्टरच्या मागची एक्झॉस्ट यंत्रणा बदलली आणि इंजिनाच्या संगणकाचे कोष्टक नव्याने लिहिले गेले. त्या सालच्या सगळ्या मिळून 8,095 कोब्रा गाड्या; संख्या मोठी नव्हे, पण मानहानी मोठी होती. 2000 साली कंपनीने सर्वसाधारण कोब्रा बाजारात आणलीच नाही, केवळ 300 नगांची, 385 अश्वशक्तीची कोब्रा आर काढली, आणि 320 चा दावा 2001 च्या गाडीवर पुन्हा छापला.

असे प्रसंग मग एकापाठोपाठ उजेडात आले. 2001 च्या माझदा मियाटाला 155 अश्वशक्तीचा दाखला दिला होता, तो 142 वर आणावा लागला. 2003 मध्ये त्याच कंपनीच्या आरएक्स-8 या रोटरी इंजिनाच्या मोटारीचा अमेरिकेतील आकडा 247 वरून 238 झाला, आणि दोन्ही वेळा कंपनीने गाडी परत घेण्याची, नाहीतर 500 डॉलर व ठराविक मुदतीपर्यंत फुकट देखभाल देण्याची तयारी दाखवली. नुकसानभरपाईचा हा मार्ग मला प्रामाणिक वाटतो. घासूनपुसून जुना आकडा राखण्यापेक्षा दप्तरातला आकडा दुरुस्त करणे कंपनीला अधिक कठीण जात असावे. उलट्या टोकाचे उदाहरण जपानचे: 1989 पासून तेथील कंपन्यांनी आपसांतील समजुतीने 280 मेट्रिक अश्वशक्तीच्या वर आकडा जाहीर न करण्याचे ठरवले होते, आणि निस्सान स्कायलाइन जीटी-आरसारख्या गाड्या रोलरवर चढताच जाहीर केल्यापेक्षा अधिक शक्ती दाखवीत. ही समजूत 2004 पर्यंत टिकली.

त्याच वर्षी एसएईने मोजणीचे नियम पुन्हा आवळले. चाचणीत कोणते तेल घालावे, पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा भार धरावा की वगळावा, अशा ज्या जागा कंपन्यांच्या मर्जीवर सोडल्या होत्या त्या बंद झाल्या, आणि 2005 मध्ये चाचणीच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार हजर ठेवून दाखला देण्याची ऐच्छिक व्यवस्था आली. नव्या हिशेबाने टोयोटा कॅम्रीचे सहा सिलिंडरांचे 3 लिटरचे इंजिन 210 वरून 190 वर उतरले. कॉर्व्हेट झेड 06 चे 7 लिटरचे इंजिन, ज्याचा दावा 500 चा व्हायचा होता, ते साक्षीदारासमोर 505 भरले आणि या व्यवस्थेखाली दाखला मिळवणारे पहिले इंजिन ठरले. गॅरेजांतील रोलरवर मात्र असा साक्षीदार नेमलेला नाही. तेथे हवेचा दाब आणि तापमान कोणी नोंदले, गुणक कोणता लावला आणि टायरमध्ये हवा किती होती, हे ज्याची गाडी आहे त्यानेच उभे राहून पाहावयाचे असते.