वळीवड्याचे पोलिश आश्रयस्थान

अन्नदान, औषधदान आणि विद्यादान यांची थोरवी देवस्थानांच्या छायेत वाढलेल्या समाजास नव्याने सांगावयास नको. परंतु ही तिन्ही एकाच निराधार जनसमूहास, एकाच ठिकाणी, सुमारे पाच वर्षे लाभल्याचे एक उदाहरण कोल्हापूरनजीक वळीवडे येथे घडले, आणि ज्यांना ते लाभले ते होते दूरदेशीचे पोलिश लोक. आपल्या इतक्या निकट घडलेली ही हकीकत आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असावी, ही नवलाचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरची व पूर्वेकडून रशियाची स्वारी झाली. फेब्रुवारी 1940 पासून पूर्व पोलंडमधील असंख्य कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तान येथे हद्दपार करण्यात आली. पुढे हिटलर रशियावरच उलटल्यामुळे 30 जुलै 1941 रोजी लंडन येथे करार होऊन त्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. आणि 1942 साली जनरल आंदेर्स यांच्या सैन्यासमवेत बायकामुलांचे तांडे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणातील पहलवी बंदरास लागले.

त्या वेळची त्यांची अवस्था वाचवत नाही. टायफस, आमांश व मलेरिया यांनी ते जर्जर झाले होते. पण रोगाइतकेच घातक ठरले ते अन्न. दीर्घ उपासमारीने आतडी दुबळी झालेली, आणि पुढ्यात आला चरबीयुक्त मांसाचा रस्सा! देणाऱ्यांच्या हेतूत तिळमात्र खोट नव्हती. तथापि ते अन्न न सोसून कित्येकांनी सुटकेनंतर प्राण सोडले. भुकेल्यास एकदम भरपेट वाढू नये, थोडेथोडे व हलके द्यावे, हे आपल्या घरोघरीच्या वृद्धांना ठाऊक असलेले शहाणपण लष्करी भटारखान्यास सुचले नाही.

हिंदुस्थानात प्रथम पुढे सरसावले ते नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी. 1942 साली बालाचडी येथे त्यांनी अनाथ मुलांसाठी वसाहत उभारली. वळीवड्याची वसाहत 1943 ची, आणि कितीतरी मोठी. तेथे सुमारे पाच हजार लोक राहिले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले. तिचे श्रेय कोणा एका महाराजांच्या औदार्यास देण्याचा प्रघात पडला आहे, तो मात्र तपासून घ्यावयास हवा. त्या काळी कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन छत्रपती होते. वसाहतीचा खर्च मुख्यतः लंडनस्थित पोलिश सरकार सोशीत असे व व्यवस्थेत हिंदुस्थान सरकारचा हात होता. कोल्हापूरने दिली ती भूमी आणि शेजार. हेही काही थोडे नव्हे.

कौलारू बराकींत कुटुंबांना खोल्या मिळाल्या. सदैव लंगराच्या रांगेत उभे राहण्याऐवजी बायका स्वतःच्या चुलीवर रांधू लागल्या. दानाच्या अन्नाने पोट भरते. पण स्वतःची चूल पेटली की माणूस पुन्हा गृहस्थ होतो. रुग्णालय होते, अनाथालय होते, प्रार्थनामंदिर होते. प्रकृती नाजूक असलेल्यांसाठी पाचगणीस सोय होती. मुलांचे शिक्षण बुडाले होते, म्हणून प्राथमिक व माध्यमिक शाळा पोलिश भाषेतून चालविल्या गेल्या. मायदेश नकाशावर राहतो की नाही याची शाश्वती नसताना त्याचा इतिहास व भाषा मुलांस शिकविणाऱ्या शिक्षिकांचा धीर असामान्य म्हणावा लागेल. बाजारातील दुकानदारांस तर मोडकीतोडकी पोलिशही अवगत झाली.

जुलै 1945 मध्ये इंग्लंडने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, आणि वसाहतीचा आधारच खचला. आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी भार उचलला. रशियाच्या वर्चस्वाखालील पोलंडात परतावयास बहुतेकांचे मन घेईना. बालाचडीची मुलेही 1946 मध्ये येथेच आली. अखेर 1948 पर्यंत सर्व पांगले. कोणी इंग्लंडास, कोणी आफ्रिकेत, कोणी ऑस्ट्रेलियात. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासितांची वस्ती झाली व तिला गांधीनगर हे नाव मिळाले. परत न गेलेल्या पोलिशांची थडगी कोल्हापुरात आहेत.