दिल्लीच्या अभ्यासक्रमातील जावाच्या खिडक्या

जावा भाषेत पडद्यावर खिडक्या, बटणे आणि मजकुराचे रकाने मांडण्यासाठी ‘स्विंग’ हा संच डिसेंबर १९९८ मध्ये १.२ या आवृत्तीबरोबर आला. जावा तयार करणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्सने त्यासोबत काही नमुना प्रोग्रॅमही दिले. ‘नोटपॅड’मध्ये साधे लेखन करता येई, ‘स्टाइलपॅड’मध्ये अक्षरांना निरनिराळी रूपे देता येत, तर ‘स्विंगसेट’ संचातील एकेक घटक चालवून दाखवी. प्रत्येकाचा मूळ कोडही सोबत असल्याने शिकणाऱ्याला तो उघडून, बदलून पाहता येई.

भारतात अशा खिडक्या दिल्लीतील एका मंडळाच्या अभ्यासक्रमातून शाळेत पोहोचल्या. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या ‘इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस’ या विषयात पूर्वी व्हिज्युअल बेसिक ही भाषा होती. २०१० च्या सुमारास तिची जागा जावा, प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन नेटबीन्स आणि विदा साठवणारी मायएसक्यूएल यांनी घेतली. ही साधने विनामूल्य असल्याने शाळांना परवान्याचा खर्च नव्हता. शिवाय नेटबीन्समध्ये घटक माउसने ओढून खिडकीवर ठेवता येत, त्यामुळे मांडणीचा कोड हाताने लिहावा लागत नसे.

प्रात्यक्षिकातील उदाहरणे रोजच्या व्यवहारातली असत: दोन संख्यांची बेरीज, सरळव्याज, दुकानातील सवलत, गुणांची टक्केवारी. बेरजेच्या उदाहरणातच एक मोठा धडा दडलेला असे. रकान्यात लिहिलेले १२ आणि ८ हे संगणकाच्या लेखी आकडे नसतात, तो मजकूर असतो. ते तसेच जोडले तर उत्तर २० येत नाही, १२८ येते. मजकुराचे संख्येत रूपांतर केल्यावरच बेरीज होते. दुसरा धडा क्रमाचा होता. हा प्रोग्रॅम वरून खाली एका दमात धावून संपत नाही; बटण दाबले जाण्याची वाट पाहतो आणि दाबल्यावर नेमून दिलेले काम करतो. पुढे हीच खिडकी मायएसक्यूएलच्या तक्त्यांना जोडली की ‘फ्रंट एंड’ (समोरची खिडकी) आणि ‘बॅक एंड’ (मागचे तक्ते) हे शब्द विद्यार्थ्याला प्रत्यक्ष दिसत.

२०१९ च्या सुमारास या विषयात जावाऐवजी पायथन ही भाषा आली. खिडक्यांऐवजी पायथनच्या पांडास या संचातील तक्ते आणि आलेख शिकवले जाऊ लागले. विदा हाताळण्याचे शिक्षण त्यामुळे वाढले. पण स्वतः बांधलेली खिडकी दुसऱ्याच्या हाती देऊन ती चालताना पाहण्याचा अनुभव वर्गातून गेला, आणि ही उणीव खरी आहे. अभ्यासक्रमाबाहेर जावाच्या खिडक्या टिकून आहेत. त्यांच्यासाठीचा जावाएफएक्स हा नंतरचा संच २०१८ मध्ये ११ व्या आवृत्तीपासून जावाच्या मूळ संचातून वेगळा करण्यात आला. स्विंग मात्र आजही जावाच्या मूळ संचातच आहे.