पँटचे गोत्र

आमचे आजोबा शेवटपर्यंत ‘पाटलोण’च म्हणत. आम्ही ‘पँट’वाली नातवंडे त्यांना हसत असू. पण शब्दाची वंशावळ उलगडू गेलात, तर आजोबाच मूळ पुरुषाच्या जवळचे निघतात!

हा मूळ पुरुष चक्क एक संत. ख्रिस्ती परंपरा सांगते की, संत पांतालेओन हा वैद्य; इ. स. 305 च्या सुमारास त्याने धर्मासाठी प्राण दिले. व्हेनिसच्या लोकांचे हे नाव फार लाडके. तेव्हा सोळाव्या शतकात इटलीतल्या फिरत्या नाटकमंडळ्यांनी व्हेनिसचा एक म्हातारा, चिक्कू व्यापारी रंगमंचावर आणला, त्याचे नाव ठेवले पांतालोने. तो तंग तांबडी विजार चढवून यायचा आणि दर खेळात फजीत होऊन जायचा. पुढे विजारीलाच त्याचे नाव चिकटले : पँटलून. आपण तिची पाटलोण केली. अमेरिकनांनी 1830 नंतर शब्दाला कात्री लावून ‘पँट्स’ केले. आणि इंग्रजाने? त्याने ती सरळ आत घातली! लंडनच्या दुकानात आजही ‘पँट्स’ मागा, हाती चड्डी पडेल.

संताचा चिक्कू, चिक्कूची विजार, विजारीची चड्डी! नावाची केवढी ही घसरगुंडी! पण एक आहेच. ज्या म्हाताऱ्याला बघून लोकांची हसून मुरकुंडी वळे, त्याच्याच नावात आज निम्मे जग रोज सकाळी पाय घालते. हसणाऱ्यांची नावे मात्र कुणाच्या खुंटीवरसुद्धा नाहीत.