चामड्याच्या चकतीवर ठरतो डाव : पूलच्या काठीची टिप कशी जपावी?

पूल, स्नूकर किंवा बिलियर्ड्स यांपैकी कोणताही खेळ घेतला, तरी खेळाडूच्या हातातील काठीचा, म्हणजेच 'क्यू'चा, पांढऱ्या चेंडूशी संबंध येतो तो एकाच ठिकाणी. काठीच्या टोकावर चिकटवलेली चामड्याची लहानशी चकती हेच ते ठिकाण. खेळाडू तिला 'टिप' म्हणतात. चेंडू व टिप यांचा स्पर्श जेमतेम एक-दोन सहस्रांश सेकंद टिकतो. पण चेंडूची दिशा, वेग आणि फिरकी या तिन्ही गोष्टी तेवढ्यातच ठरून जातात. काठी कितीही उंची असली, तरी टिप झिजलेली वा सैल असेल, तर खेळाडूच्या कौशल्याचे चीज होत नाही.

सार्वजनिक पार्लरमधील काठी दिवसभर अनेकांच्या हातून जाते आणि तिच्या टिपेकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. नवखा खेळाडू अशी काठी उचलतो, फटका निसटतो आणि दोष तो स्वतःच्या हाताला देतो. पुढे ही चूक भरून काढण्यासाठी तो मनगट वाकवू लागतो आणि चुकीची सवय अंगी मुरते. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील हौशी खेळाडूंच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मंचरहून पुणे साठेक किलोमीटर, तर जुन्नरहून नव्वदेक किलोमीटर अंतरावर आहे. एका चकतीसाठी एवढा प्रवास करण्यापेक्षा तिची निगा स्वतः राखायला शिकणे केव्हाही श्रेयस्कर.

जिल्ह्याचा वारसा

या खेळाशी पुणे जिल्ह्याचे नाते जुने आहे. जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा १९५८ मध्ये कलकत्ता येथे जिंकून वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरलेले विल्सन जोन्स यांचा जन्म १९२२ मध्ये पुण्यात झाला. १९६४ मध्ये त्यांनी न्यूझीलंडमध्ये पुन्हा हा मान मिळवला. बिलियर्ड्स व स्नूकरमध्ये मिळून पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळवणारे पंकज अडवाणी यांचाही जन्म पुण्यातलाच, १९८५ चा. त्यांची कारकीर्द मात्र बंगळुरूत घडली. स्नूकर हा खेळ तर भारताच्याच भूमीत, १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत, जन्मला असे मानले जाते.

टिपेचा जन्म

प्रारंभी काठीचे टोक उघड्या लाकडाचे असे. त्यामुळे चेंडूच्या मध्यापासून थोडे बाजूला मारले, तरी काठी घसरे. चामड्याची टिप वापरात आणण्याचे श्रेय फ्रान्समधील लष्करी अधिकारी फ्रान्स्वा मँगो यांना दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये बंदिवासात असताना त्यांनी हा प्रयोग केल्याचे सांगतात. त्यानंतर टिपेला खडू लावण्याची पद्धत रूढ झाली. आज वापरला जाणारा निळा वा हिरवा 'चॉक' म्हणजे फळ्यावरचा खडू नव्हे. अमेरिकेतील विल्यम स्पिंक्स व विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ मध्ये पेटंट घेतलेल्या मिश्रणापासून त्याची परंपरा सुरू होते. त्यातील बारीक, खरखरीत कणांमुळे चामडे व चेंडू यांच्यातील घर्षण वाढते.

घुमटाकार का?

सपाट टिप चेंडूच्या मध्यभागी नीट बसते. पण फिरकी देण्यासाठी बाजूला मारताना तिची फक्त कडा चेंडूला लागते आणि काठी घसरते. यालाच 'मिसक्यू' म्हणतात. मिसक्यूमध्ये केवळ फटका वाया जात नाही. टेबलावरील कापड फाटण्याचाही धोका असतो. टिप घुमटाकार असेल, तर फटका कोठेही मारला तरी चामड्याचा गोलसर भाग चेंडूला भिडतो.

अर्थात घुमटालाही मर्यादा आहे. चेंडूच्या मध्यापासून त्याच्या त्रिज्येच्या सुमारे निम्म्या अंतरापलीकडे मारल्यास उत्तम टिपही घसरते. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असल्याने त्यासाठी ही मर्यादा सुमारे १४ मिलिमीटर, तर ५२.५ मिलिमीटरच्या स्नूकर चेंडूसाठी ती सुमारे १३ मिलिमीटर येते.

घुमट मोजण्यासाठी नाण्याचा उपयोग करता येतो. नाणे टिपेच्या मागे उभे धरून पाहावे. टिपेची वक्ररेषा नाण्याच्या कडेशी जुळली पाहिजे. २०१९ पासूनच्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे २० मिलिमीटर, तर दोन रुपयांचे २३ मिलिमीटर व्यासाचे आहे. वारंवार फिरकी वापरणाऱ्याने रुपयाची गोलाई ठेवावी. सरळ फटक्यांवर भर देणाऱ्याला दोन रुपयांची, किंचित पसरट गोलाई चालते.

प्रकार व आकार

पूलच्या काठीची टिप साधारणपणे १२ ते १३ मिलिमीटर व्यासाची, तर स्नूकरच्या काठीची ९ ते १० मिलिमीटरची असते. जागतिक पूल संघटनेच्या नियमांनुसार टिपेची रुंदी १४ मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये.

टिपेचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक, दाबून घट्ट केलेल्या अखंड चामड्याची. शिकागोच्या 'ट्वीटन' कंपनीची 'एल्क मास्टर' ही या प्रकारात प्रसिद्ध आहे. दुसरी, पातळ चामड्याचे अनेक थर एकमेकांवर चिकटवून केलेली. अखंड टिप स्वस्त असते, पण एकीचा कठीणपणा दुसरीत असेलच असे नाही. थरांची टिप महाग, परंतु आकार अधिक काळ टिकवते. मऊ टिप चेंडूला चांगली पकडते, मात्र लवकर पसरते. कठीण टिप टिकते, पण खडूची हयगय खपवून घेत नाही. नवख्याने मध्यम प्रतीची टिप निवडावी. पादत्राणांच्या कामातील चामडे या कामी उपयोगाचे नाही. ते पुरेसे दाबलेले नसल्याने थोड्याच खेळात पसरते.

टिप बदलण्याची रीत

जुनी टिप धारदार ब्लेडने काढावी. काठीच्या टोकावरील वलयाला, म्हणजे 'फेरूल'ला, धक्का लागू देऊ नये. वलयाच्या तोंडावरील जुना डिंक खरवडून पृष्ठभाग स्वच्छ व सपाट करावा. हे करताना कडा गोल झाल्या, तर नवी टिप पूर्ण टेकत नाही. नव्या टिपेची खालची बाजू सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर हलकेच घासावी.

त्यानंतर फेविक्विकसारख्या झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा एकच थेंब लावून टिप बरोबर मध्यभागी बसवावी आणि मिनिट-दोन मिनिटे दाबून धरावी. लगेच खेळू नये. काठी काही तास तशीच ठेवावी. मग काठी उलटी करून टिप लाकडी फळीवर टेकवावी आणि वलयाबाहेर आलेले चामडे ब्लेडने वरून खाली, थोडे थोडे कापावे. वलयावर चिकटपट्टी गुंडाळून बाजू बारीक पॉलिश पेपरने साफ करावी. शेवटी कानशीने मध्याकडून कडेकडे, काठी फिरवत घुमट द्यावा. बाजूंना पाण्याचा किंचित ओलसर हात लावून त्या चामड्याच्या तुकड्याने जोरात घासल्या, की कडा घट्ट होते व पसरण्याचे प्रमाण कमी होते. नवी टिप पहिल्या काही डावांत दबतेच. तेव्हा कडा पुन्हा एकदा छाटावी.

नित्याची निगा

* प्रत्येक फटक्यापूर्वी खडू लावावा. काठी खडूत गिरमिटासारखी फिरवू नये. टिपेवरून खडू हलकेच फिरवून सर्व भाग झाकावा.
* टिप चकचकीत दिसू लागली, की खडू धरत नाही. अशा वेळी खरखरीत कानशीने ती हलकेच थोपटावी वा टोचावी. रोज घासत राहिल्यास टिप विनाकारण झिजते. थरांच्या टिपेला खोल टोचू नये.
* काठीचा बुंधा जमिनीवर अलगद आपटून आवाज ऐकावा. 'टक्' असा खणखणीत आवाज आला तर ठीक. फुटका वा बदबदा आवाज आला, तर टिप वा सांधा सैल झाला असण्याची शक्यता असते.
* काठी भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नये, ती वाकते. आडवी वा पिशवीत ठेवावी.

हवामानाचा परिणाम

चामडे हवेतील ओलावा शोषते. भीमाशंकर, माळशेजच्या बाजूला पावसाळ्यात दमट हवा असते, तर पूर्वेकडील आणे पठारावर कोरडेपणा जाणवतो. ओलाव्याने टिप मऊ पडून लवकर पसरते. कोरड्या हवेत ती कठीण व चकचकीत होते. म्हणून पावसाळ्यात कडा वरचेवर तपासावी व काठी कोरड्या जागी ठेवावी. उन्हाळ्यात टिपेचा पृष्ठभाग खरखरीत राखण्याकडे लक्ष द्यावे. काठी उन्हात वा तापलेल्या गाडीत ठेवणे लाकूड व डिंक दोघांनाही अपायकारक असते.

बदलावी केव्हा?

टिपेच्या कडेची उंची दीड मिलिमीटरच्या आसपास आली, चामड्याला भेग पडली किंवा थर सुटू लागले, की ती बदलावी. त्याहून पातळ टिपेवर खेळत राहिल्यास फटक्याचा धक्का थेट वलयाला बसतो आणि ते तडकू शकते. वलय बदलणे हे काम घरी होण्यासारखे नाही. तेव्हा मात्र शहरातील कारागिराकडे जाण्यावाचून गत्यंतर नसते.

वारंवार मिसक्यू होत असल्यास नवी काठी घेण्याचा विचार करण्यापूर्वी टिप पाहावी. पार्लरचालकांनीही दर आठवड्याला सर्व काठ्या तपासून घेतल्यास टेबलावरील कापड टिकेल आणि शिकणाऱ्या मुलांना आपला हात नेमका कसा चालतो, हे कळेल. काठीच्या किमतीच्या मानाने टिपेचा खर्च नगण्य असतो. लागते ती नियमितपणाची सवय.