नाशिकहून आफ्रिकेच्या अरण्यांत

नाशिक म्हटलें कीं गोदाघाट आठवतो. आफ्रिकेचें अरण्य कोणास आठवेल? परंतु एकोणिसाव्या शतकांत, गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें येथल्या शरणपुरांत शिकत असत. डॉ. लिव्हिंग्स्टन यांनीं १८६६ सालीं आपल्या अखेरच्या आफ्रिका-प्रवासांत यांतील नऊ तरुण सोबत नेले. १८७२ सालीं आणखी कांहीं गेले, त्यांत जेकब वेनराइट होता. मे १८७३ मध्यें, आजच्या झांबियांत, लिव्हिंग्स्टन वारले. आज्ञा देणारा उरला नाहीं. तरीहि सुसी, चुमा, जेकब आदि अनुचरांनीं त्यांचें हृदय तेथेंच पुरलें आणि देह सुमारें हजार मैल वाहून समुद्रकिनाऱ्यास आणिला. १८७४ सालीं वेस्टमिन्स्टर ॲबींत शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकबहि होता. इतिहास संशोधकाचें नांव घेतो. त्याचा प्रवास ज्यांनीं पुरा केला, त्यांस नाशिकनें तरी विसरूं नये.