शिशाचे छर्रे: कळण्यापासून कायद्यापर्यंतची ९७ वर्षे

१/ शिकाऱ्याचा नेम चुकला आणि बदक वाचले, असे आपण समजतो. परंतु तळ्यात पडलेला तोच छर्रा पुढे दुसऱ्या एखाद्या बदकाचा जीव घेतो. अमेरिकेत हे १८९४ मध्ये छापून आले. देशव्यापी बंदी आली १९९१ मध्ये.

२/ बदकांना दात नसतात. दाणे दळण्यासाठी ती बारीक खडे गिळतात व ते पेषणीत साठवतात. तळाशी पडलेला छर्राही ती खड्यासारखाच गिळतात. पेषणीत शिसे झिजते, आम्लात विरघळते, रक्तात उतरते. पक्षी लुळा पडतो आणि भोवती अन्न असूनही उपाशी मरतो.

३/ १८९४ चा तो लेख होता 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या नियतकालिकात, जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांचा. ग्रिनेल शिकारीचे विरोधक नव्हते. ते स्वतःच शिकारी होते.

४/ १९५९ मध्ये इलिनॉयचे संशोधक फ्रँक बेलरोझ यांनी अंदाज मांडला: उत्तर अमेरिकेतील २ ते ३ टक्के पाणपक्षी दरवर्षी शिशाने मरतात.

५/ पर्याय होता पोलादी छर्‍यांचा. पोलाद शिशाहून हलके. त्यामुळे पक्षी केवळ जखमी होतील, जुन्या बंदुकांच्या नळ्या बिघडतील, असे आक्षेप आले. ते सर्वस्वी निराधार नव्हते. १९७६ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन न्यायालयात गेली आणि हरली. मात्र १९७८ मध्ये सिनेटर टेड स्टीव्हन्स यांच्या दुरुस्तीमुळे राज्यांच्या संमतीविना अंमलबजावणीवर संघराज्याचा निधी खर्च करता येईना.

६/ कोंडी फोडली ती गरुडाने. राष्ट्रचिन्हावरील बाल्ड ईगल मेलेली, जखमी बदके खातो आणि त्यांच्यातील शिसेही. तो संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याने संरक्षित होता. १९८५ मध्ये नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनने याच आधारावर दावा लावला. त्यानंतर टप्प्याटप्प्याने १९९१ पर्यंत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे देशभर निषिद्ध झाले.

७/ परिणाम? मिसिसिपी हवाई मार्गावरील अभ्यासानुसार मॅलार्ड बदकांचे शिशाने होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी घटले. एकट्या १९९७ मध्ये अमेरिकाखंडातील सुमारे १४ लाख बदके वाचली, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे.

८/ पुरावा १९५९ मध्येही पुरेसा होता. तथापि बदकांच्या बाजूने उभा राहील असा कायदा नव्हता. गरुडाच्या बाजूने होता. इतिहास वाचताना 'हे केव्हा कळले?' यापाशी थांबू नये. 'कळलेले बंधनकारक कशामुळे झाले?' हेही विचारावे.